वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात नव्याने कामाला लागलात? अपघाताच्या वेळी काय करायचं ते आजच वाचून ठेवा

सांगली-मिरजेत आजारी आणि वयस्कर माणसांच्या सेवेचं काम कधी संपत नाही. मिरजेची दवाखान्यांची परंपरा १८९४ सालापासूनची. कर्नाटकातून पेशंट येतात, आणि जत, कवठेमहांकाळ, तासगावकडच्या मुली, बाया, तरुण पोरं अटेंडंट म्हणून इथं कामाला येतात. कोणी वॉर्डात, कोणी वृद्धाश्रमात, कोणी ब्युरोकडून (अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सीकडून) एखाद्याच्या घरी. पहिल्या दिवशी चादर कशी बदलायची, डायपर कसा लावायचा, कूस कशी बदलायची हे सगळं दाखवतात. माणूस अचानक खाली पडला तर काय करायचं, हे मात्र कोणी बसवून सांगत नाही.

मलाही सांगितलं नव्हतं. कामाला लागून चार महिने झाले असतील. सकाळी सहाला एक आजी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या दिसल्या. मी आणि बरोबरच्या मुलीनं काखेत हात घालून त्यांना उठवलं, कशाबशा खुर्चीत बसवल्या, चहा दिला. "काही झालं नाही गं पोरी," असं आजीच म्हणाल्या. बरोबरची म्हणाली, "सांगू नकोस, पगार कापतील." मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आजींना पाय हलवता येईना. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. "कधी पडल्या?" असं डॉक्टरांनी विचारलं, रजिस्टर उघडलं, आणि त्या पानावर काहीच नव्हतं. ते कोरं पान मला अजून दिसतं. म्हणून हे लिहिते आहे. आता बारा वर्षं झाली या कामात, आणि नव्या मुलींना मी हेच सगळ्यात आधी शिकवते.

१. पहिल्याच ड्युटीला या गोष्टी हाताशी करून घ्या

अपघात झाल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. कामावर गेलात की पहिल्या तासात प्रत्येक पेशंटची फाइल कुठे असते ते विचारा. फाइलच नसेल तर इनचार्जना सांगून करायला घ्या. त्यात एवढं हवंच:

- आधार कार्डाची आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, आयुष्मान किंवा जन आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तेही
- दोन नातेवाईकांचे फोन नंबर, त्यातला एक सांगली-मिरज परिसरातला (मुलगा पुण्याला आणि मुलगी परदेशात असेल तर रात्री दोनला येणार कोण, हे आधी ठरलेलं बरं)
- चालू औषधांची यादी, तारखेसकट
- कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल पेनाने, पहिल्याच पानावर
- रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, साखरेची गोळी की इन्सुलिन, फिट येते का, हृदयाचं ऑपरेशन झालंय का
- शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड

रक्त पातळ करायच्या गोळीचं मी मुद्दाम वेगळं सांगते. ती चालू असलेला माणूस डोक्यावर पडला तर बाहेरून साधं टेंगूळ दिसतं आणि आत रक्त साठत जातं. अशा माणसाला बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

सामान म्हणाल तर फार लागत नाही. हातमोजे, गॉझ आणि कापूस, क्रेप बँडेज, कात्री, टॉर्च, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर (बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं मशीन), ग्लुकोमीटर (साखर तपासायचं मशीन) आणि त्याच्या मुदत न संपलेल्या पट्ट्या, ग्लुकोजची पुडी. सगळं एका डब्यात, कुलूप न लावता. ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर काटा रोज बघा आणि चावी सिलिंडरलाच सुतळीने बांधून ठेवा. एकदा रात्री सिलिंडर भरलेला, माणूस धापा टाकतोय आणि चावी सापडत नाही, अशी सात-आठ मिनिटं मी काढली आहेत. ड्रॉवरमध्ये, खिडकीत, दिवसपाळीच्या ब्रदरच्या एप्रनच्या खिशात, सगळीकडे शोधली. चावी ऑफिसच्या कपाटात होती.

२. काही घडलं की पहिली दोन मिनिटं

आधी स्वतःकडे आणि जमिनीकडे बघा. पाणी सांडलंय का, वायर उघडी आहे का, गॅसचा वास येतोय का. तुम्हीही घसरलात तर पेशंटजवळ कोण राहणार? विजेचा झटका बसलेल्या माणसाला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा.

मग हाक मारा, नावानं. "आजोबा, ऐकू येतंय का? काय होतंय?" खांद्यावर थापटा. बोलले तर श्वास चालू आहे हे कळलं. नाही बोलले तर छाती वर-खाली होते का ते दहा सेकंद नीट बघा. त्याच वेळी मोठ्यानं दुसऱ्याला बोलवा. एकटीनं सगळं निभावून न्यायचा प्रयत्न करू नका. रात्रपाळीत हीच चूक जास्त होते, कारण झोपलेल्या माणसाला उठवायचा संकोच वाटतो.

आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघा. हातावर पेनानं लिहिलंत तरी चालेल.

३. पडलेल्या माणसाला लगेच उचलू नका

पडलेलं माणूस दिसलं की आपले हात आपोआप त्याच्या काखेत जातात. ते थांबवायला शिकणं हे या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण आहे, असं मला वाटतं. म्हातारं माणूसही "उचला मला" म्हणून हात पुढे करतं, त्याला लाज वाटत असते. त्याच्याजवळ खाली बसा, अंगावर चादर घाला आणि सांगा, "दोन मिनिटं अशाच पडून राहा, मी इथंच आहे."

त्या दोन मिनिटांत हे बघा:

- डोक्याला मागून-पुढून हात लावून ओलं लागतं का
- मान दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का (येत असतील तर अजिबात हलवू नका, १०८ला, म्हणजे सरकारी अ‍ॅम्ब्युलन्सला, फोन करा)
- दोन्ही पाय शेजारी-शेजारी सारखे दिसतात का. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल तर खुबा मोडलाय असं धरूनच चाला
- मनगट, कोपर, बरगडी दाबल्यावर कळ येते का
- पडण्याच्या आधी चक्कर आली होती का, छातीत दुखलं का, पाय घसरला का

माझ्या आजींचा उजवा पाय असाच बाहेर वळलेला होता. उचलायच्या आधी नजर गेली असती तर दिसला असता.

काहीच दुखत नसेल, तर त्यांना कुशीवर वळू द्या, गुडघ्यावर येऊ द्या, समोर जड खुर्ची ठेवा आणि त्यांच्या जोरानं उठू द्या. आपण फक्त आधार द्यायचा. दुखत असेल तर जमिनीवरच ठेवून डॉक्टरांना किंवा १०८ला फोन. तोवर चहा-पाणी काही देऊ नका, ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ तास लक्ष ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त झोप, बोलण्यात असंबद्धपणा, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. "झोपू दे बिचारीला" म्हणून रात्रभर न उठवणं धोक्याचं आहे.

४. घास अडकला तर

रविवारी नातेवाईक भेटायला येतात आणि प्रेमानं भडंगाचा पुडा घेऊन येतात. अर्धांगवायू होऊन गेलेल्या किंवा कवळी नीट न बसणाऱ्या माणसाला भडंगातले शेंगदाणे देणं जोखमीचं आहे. नातेवाईकांना हे नम्रपणे सांगणं आपलं काम आहे. जेवताना पेशंट ताठ बसलेला हवा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

तरी अडकलं, तर आधी बघा खोकता येतंय का. खोकता येत असेल तर खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणी पाजू नका. आवाजच निघत नसेल, हात गळ्याकडे गेले असतील, ओठ काळेनिळे पडत असतील, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरदार धक्के द्या. निघालं नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच धक्के. पुन्हा पाठीत पाच, पुन्हा पोटात पाच. तोंडात बोट आंधळेपणानं घालू नका, घास आणखी आत जातो. दिसत असेल तरच काढा. माणूस बेशुद्ध झाला तर खाली झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. पोटात धक्के दिलेल्या माणसाला नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

५. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला: घड्याळ बघा

हसायला सांगा, एक कोपरा खाली राहतो का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का. "आज कोणता वार?" विचारा, शब्द नीट येतात का. एक जरी चुकलं तरी मेंदूचा झटका समजून निघा.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास मोजले जातात माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. तुम्ही सकाळी सातला बघितलं, पण आजोबा रात्री दहाला नीट बोलून झोपले होते, तर डॉक्टरांना "रात्री दहाला बरे होते" हे सांगायचं. म्हणूनच रात्री पेशंट झोपताना कसा होता याची एक ओळ रजिस्टरला लिहायची सवय लावा. इंजेक्शन देण्याआधी सीटी स्कॅन लागतो, तेव्हा तुमच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात तो चोवीस तास चालू असतो हे आजच चौकशी करून भिंतीवर चिकटवा.

तोंडातून काहीही देऊ नका. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून आपल्या मनानं बीपीची गोळी तर अजिबात नको.

६. रोजच्या रोज होणारं

साखर उतरणं: घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं. सुईनं तपासा. ७०च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका.

फिट: हातपाय दाबून धरू नका, दातात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८.

भाजणं: वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. आपली सांगली हळदीची पेठ, प्रत्येक घरात हळद हाताशी, त्यामुळे पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. साखरेच्या पेशंटच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. त्याला चटका कळतच नाही, आणि सकाळी तळपायाला फोड दिसतात.

७. श्वास थांबला तर

हाकेला ओ नाही, छाती हलत नाही किंवा नुसते आचके येतात, तर लगेच छाती दाबायला घ्या. १०८ला दुसऱ्याला फोन करायला सांगा. एकट्या असाल तर फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा. छातीच्या मधोमध तळवा, त्यावर दुसरा तळवा, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास द्यायचं शिक्षण झालेलं असेल तर ३० वेळा दाबून दोन श्वास. नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर जोर कमी होतो आणि कळतही नाही.

बेडसोर (झोपून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीवर छाती दाबून उपयोग होत नाही, सगळा जोर गादी खाते. गादीची हवा एकदम सोडायची झडप असेल तर ती आधीच बघून ठेवा, नसेल तर चादरीसकट माणूस जमिनीवर घ्या. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका.

८. १०८ला काय सांगायचं

१०८चा फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. तिथल्या माणसाला आपली गल्ली माहीत नसते. म्हणून घाबरून "लवकर या हो" एवढंच ओरडू नका. या क्रमानं सांगा: जिल्हा आणि तालुका, गाव किंवा भाग, जवळची मोठी खूण, मजला, पेशंटचं वय, काय झालंय, शुद्ध आहे का, श्वास आहे का. तुमचा नंबर सांगा आणि समोरचा ठेवत नाही तोवर फोन ठेवू नका. "सांगली, हरिपूर रोड, अमुक मंदिराच्या समोरची गल्ली, तळमजला, ७८ वर्षांच्या बाई, घरात पडल्या, शुद्धीवर आहेत" एवढं पुरे. हे वाक्य तुमच्या पत्त्यासकट मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा, घाबरल्यावर नुसतं वाचता येतं. मग एकाला फाइल घेऊन रस्त्यावर उभं करा, रात्री हातात टॉर्च द्या.

ही सेवा फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतात. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. आग, मारामारी, इतर कशासाठीही ११२.

पडणं, भाजणं, विषबाधा अशा केसमध्ये दवाखाना एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करतो, पोलीस चौकशीला येतात. त्याला घाबरून पेशंटला नेणं टाळू नका. आधी उपचार, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे. पोलिसांना जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा, अंदाज सांगू नका.

९. सुई तुम्हालाच टोचली तर

मुली हे सगळ्यात जास्त लपवतात. टोचल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच इनचार्जना सांगून सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. आणि कावीळ 'बी'ची लस तीन डोसांत मिळते, ती कामाला लागतानाच मागून घ्या. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, तेव्हाच ती टोचते.

१०. आग आणि पूर

जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दिवसापासून मी वॉर्डात पाऊल टाकलं की आधी वास घेते. प्लग गरम लागला, एसीतून जळका वास आला, तर "उद्या सांगू" करू नका. आग दिसली तर ओरडत ओरडतच आधी त्या खोलीतला माणूस बाहेर, मग ऑक्सिजन बंद, दार ओढून घ्या. चालता न येणाऱ्याला चादरीवर घेऊन डोक्याच्या बाजूनं ओढत न्या, लिफ्ट वापरू नका. आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढून फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारा.

पुराचं मात्र आपल्याकडे आधी कळतं, म्हणून तिथं हयगय नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या भागात काम असेल तर कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की अंथरुणावरचे पेशंट हलवायला इनचार्जच्या मागे लागा. चाळीस फुटांची वाट बघू नका, कारण गाडीनं जाणारा माणूस नंतर होडीनं न्यावा लागतो. ब्रह्मनाळला त्याच पुरात माणसांनी भरलेली बोट उलटली, हे आपण विसरू शकत नाही. प्रत्येक पेशंटची पंधरा दिवसांची औषधं आणि फाइलची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, पिशवीवर नाव. इन्सुलिनसाठी बर्फाचा थर्मास, पण बाटली थेट बर्फाला लागू देऊ नका.

११. लिहा, सांगा, लपवू नका

घटना निवळली की त्याच ड्युटीत, घरी जायच्या आधी रजिस्टरला लिहायचं. कोणाची चूक ते लिहू नका, काय दिसलं ते लिहा. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, पान फाडू नका. मागाहून आठवून लिहिलं असेल तर तसं नमूद करा.

नातेवाईकांना फोन इनचार्जनी करायचा असतो. त्या वेळी कोणी नसेल तर तुम्ही करा, आणि सुरुवातीलाच माणूस आता कसा आहे ते सांगा. "दादा, आई शुद्धीवर आहेत, बोलतायत. सकाळी बाथरूममध्ये पडल्या, आम्ही सिव्हिलला निघालोय, तुम्ही तिकडेच या." "पडल्या" हा शब्द आधी ऐकला की पुढचं कोणाला ऐकूच येत नाही.

लपवा असं वरून कोणी सांगितलं, किंवा एखाद्या आजोबांच्या दंडावर कारण न कळणारे वळ दिसले, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

नव्या मुलींना मी हा नमुना वहीत उतरवून घ्यायला सांगते:

"सकाळी ६.१०. खोली ४ मधल्या आजी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी डाव्या कुशीवर पडलेल्या दिसल्या. पडताना कोणी पाहिलं नाही. शुद्धीवर, नाव सांगतात. उजव्या खुब्यात दुखतं, उजवं पाऊल बाहेर वळलेलं. उचललं नाही, चादर घातली. बीपी १५०/९०, साखर १३२. ६.१५ ला इनचार्जना आणि १०८ला फोन. ६.२० ला मुलाला फोन. ६.४० ला गाडी आली, फाइल सोबत दिली. जमीन ओली होती, पुसून घेतली. दिवसपाळीच्या ताईंना तोंडी सांगितलं. सही."